ताटाची डावी बाजू

दादा, तुमचे ताट मी फिरवत होतो. वहिनी भाकरी आणायला आत गेल्या की मी दोन्ही हातांनी ताटाची कड धरायचो आणि ते अर्धे वळवायचो. डावीकडची चटणी, कोशिंबीर आणि लिंबाची फोड मग तुमच्या उजव्या हाताला यायची, आणि तुम्ही ती खायचात. वहिनींच्या बांगड्या वाजल्या की मी ताट पुन्हा होते तसे करून ठेवायचो. हे मी कोणाला सांगितले नव्हते. माझ्या पत्नीला, सुधालाही नाही. तुमच्या जिवाभावाच्या आबांना नाही. आणि ज्यांना सांगणे सर्वांत आवश्यक होते त्या वहिनींना तर नाहीच.

तुम्हाला जाऊन थोडेच दिवस झाले आहेत. मला अजून रडू आलेले नाही. लोक येतात, माझा हात हातात घेतात, आणि मला त्यांच्या हाताची ऊब किंवा गारवा तेवढा कळतो. साताऱ्याच्या तुमच्या घराच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. तो दिसतो, एवढेच. चहा येतो, मी पितो, आणि कप खाली ठेवल्यावर तो गोड होता की नव्हता हे मला सांगता येत नाही. अशा अवस्थेत माणसाने लिहू नये, असे तुम्ही म्हणाला असतात. पण हे लिहिले नाही तर मला पुढे काहीच लिहिता येणार नाही.

तुम्हाला पक्षाघाताचा झटका आला त्या दिवशी मी सांगलीहून निघालो तो कऱ्हाड मागे पडेपर्यंत एकच प्रश्न मनात घोळवत होतो: तुम्ही बोलू शकाल की नाही? तुमचा आवाज गेला असता तर तुमच्यापाशी काय उरले असते, हे मला कळेना. शाळेतले खेळाचे शिक्षक, खो-खोचे पंच, घरातलेही पंच. दवाखान्यात पोचलो तर तुम्ही स्वच्छ बोलत होतात. नर्सला तिच्या चालण्यावरून दोन शब्द सुनावून झाले होते. मला हायसे वाटले. मग तुम्ही चादरीवर पडलेल्या तुमच्याच डाव्या हाताकडे कपाळाला आठ्या घालून पाहिलेत, तेही मी तो उचलून तुमच्या छातीवर आणून ठेवला तेव्हा.

"हा हात कोणाचा रे?"

"तुमचाच, दादा."

"माझा नव्हे. आबाचा असेल. त्याला म्हणावं, काढ."

आबा पायाशी उभे होते. मेढ्याकडचा तो उंचापुरा म्हातारा, तुमच्याबरोबर गावोगावच्या मैदानांवर चुन्याच्या रेषा मारत फिरलेला. त्यांनी आपले दोन्ही हात वर करून दाखवले. "आवं सर, माझं दोनी हितं हायत. तिसरा कुठनं आणू?" आपण सगळे हसलो होतो. तुम्हीही हसलात. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तो हात उचलून आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ तो चोळत बसल्या, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

काही दिवसांनी डॉक्टरांनी तुम्हाला चाकाच्या खुर्चीतून आपल्या खोलीत आणवले. तरुण बाई होत्या, शांत स्वभावाच्या. वहिनी तेव्हा औषधांच्या दुकानात रांगेत उभ्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला शाळेच्या मैदानाबद्दल विचारले. "फाटकातून आत आलात, सर. काय काय दिसतं?"

तुम्ही डोळे मिटलेत आणि सांगू लागलात. "कडुलिंब. त्याच्या खाली पाण्याचे नळ. पुढं साहित्याची खोली. तिच्यापलीकडं लांब उडीचा खड्डा."

"आता मैदानाच्या पार टोकाला जा. भिंतीला पाठ लावून उभे राहा. फाटक समोर आहे. आता?"

"सायकलींचं शेड. पायऱ्या. झेंड्याचा खांब. मुख्याध्यापकांची खिडकी. तिथून ते बघत असायचे, पोरं दमली का मी दमलो ते."

"आणि कडुलिंब?"

"तो मघाशीच सांगितला की," तुम्ही जरा चिडून म्हणालात. पण तो त्या टोकावरून कुठे दिसतो, हे तुम्हाला सांगता आले नाही.

मी त्याच शाळेत शिकलो आहे. फाटकातून पाहताना तुम्ही सांगितलेले सगळे उजव्या हाताचे होते. दुसऱ्या टोकावरून पाहताना सांगितलेलेही सगळे उजव्या हाताचेच होते. मैदान पूर्ण शाबूत होते, दादा. तुमच्या आठवणीतले एक पान हलले नव्हते. फक्त तुम्ही जिथे उभे राहाल त्याच्या डावीकडचे जग तुमच्यासाठी नाहीसे होत होते. डोळे मिटलेले असतानासुद्धा.

तुम्हाला खोलीत परत नेल्यावर डॉक्टरांनी मला थांबवून घेतले. मी विचारले, "डावीकडे त्यांना अंधार दिसतो का?"

"अंधार दिसला असता तर त्यांनी मान वळवून पाहिलं असतं. तुम्हाला आत्ता तुमच्या पाठीमागे काय दिसतंय?"

"काहीच नाही."

"काळं दिसतंय?"

"नाही."

"काही कमी आहे असं वाटतंय?"

"नाही."

"त्यांची डावी बाजू तशी झाली आहे. डोळे चांगले आहेत, ते सगळं आणून देतात. मेंदूच्या उजव्या भागाला रक्त पोचलं नाही, त्यामुळे डावीकडून आलेलं कोणी उचलून घेत नाही. कमी आहे हे कळायलाही तोच भाग लागतो. म्हणून ते तक्रार करतील ती तुमच्याबद्दल करतील, स्वतःबद्दल नाही." मग त्यांनी मला सोपे उपाय सांगितले. डावीकडून बोलायचे, मान वळवायला लावायचे, जेवताना ताट मध्येच फिरवायचे. आणि शेवटी म्हणाल्या, "घरच्यांना नीट समजावून सांगा. जे वाढतात त्यांना आधी सांगा. नाहीतर त्यांना तो हट्ट वाटेल."

वहिनी औषधांची पिशवी घेऊन जिन्यात भेटल्या. "काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

मी म्हणालो, "डाव्या अंगात अशक्तपणा राहील. व्यायाम करून घ्यायचा आहे."

त्या वेळी मी लबाडी केली नाही, असे मला आजही वाटते. मी थकलो होतो, त्या दमल्या होत्या, आणि जिन्यात उभे राहून जग अर्धे कसे होते हे समजावून सांगण्याचे शब्द माझ्यापाशी नव्हते. उद्या सांगू, असे मनात म्हटले. पापाची सुरुवात अशी साधी होती.

वहिनींचे वाढणे तुम्हाला मी काय सांगू! पलूसच्या माहेराहून त्या ती शिस्त घेऊन आल्या होत्या. आधी मीठ, मग लिंबू, चटणी, कोशिंबीर, हे सगळे डावीकडे, उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी, मध्ये भात. घाईतही क्रम चुकत नसे. कारळ्याची चटणी त्या कधी विकत आणत नसत. भाजी कोणीही करते, बाईचा हात डाव्या बाजूला कळतो, असे त्या म्हणायच्या. आणि तुम्ही घरी आल्यावर पहिल्याच जेवणाला म्हणालात, "मीठ वाढायचं राहिलं का?"

"वाढलंय की. हे काय."

"कुठं आहे? चटणी नाही, लिंबू नाही. आजारी माणसाला असंच खायला घालायचं का?"

त्यांनी चटणी उचलून भाजीशेजारी ठेवली. तुम्ही ती पाहिलीत आणि म्हणालात, "आत्ता आणलीस होय." त्या डोळ्यांदेखतच्या खोट्याने वहिनी जागच्या जागी थिजल्या. तुमच्या लेखी ते खोटे नव्हते, हे त्या पंगतीत फक्त मला माहीत होते. पुढे रोज तेच झाले. उजवी भाजी संपायची, भाताचा उजवा अर्धा सुरीने कापल्यासारखा संपायचा, आणि डावीकडचे सगळे तसेच मागे यायचे. मी रविवारी येत असे, तेव्हा मोरीशी बसून त्या ती कोशिंबीर ओतून टाकताना दिसायच्या.

तुमची दाढी अर्धीच व्हायची. वर्तमानपत्रातल्या ओळी तुम्हाला मधूनच सुरू झालेल्या दिसायच्या, आणि हल्लीच्या संपादकांना वाक्याची सुरुवात करता येत नाही, असा निकाल तुम्ही देऊन टाकलात. आबा येऊन चुकून तुमच्या डावीकडे बसले तर तुम्ही त्यांच्या दिशेने पाहतसुद्धा नव्हतात.

"काय झालंय मास्तरला?" ते मला ओसरीवर म्हणाले. "तासभर बसलू शेजारी, मानूस हाय का भित, इचारलं न्हाई. मला बादच दिलं म्हना की. मी काय फाऊल केला, त्ये तरी सांगा."

मी हसलो. आबांनाही सांगितले नाही. गावात हळूहळू असे बोलले जाऊ लागले की मास्तर आजारपणात तऱ्हेवाईक झाले.

वहिनींनी एकदा मला सरळ विचारले होते. त्या मुद्दाम फाटकापर्यंत पोचवायला आल्या. "भाऊजी, यांच्या डोळ्यांना तर काही झालं नाही ना?"

दादा, तेव्हा मला थकवा नव्हता. शब्दही होते. मी म्हणालो, "नाही वहिनी. डोळे चांगले आहेत, डॉक्टरांनीच सांगितलंय."

हे वाक्य अक्षरशः खरे होते. माझ्या आयुष्यात मी बोललेले याहून मोठे खोटे मला आठवत नाही.

त्याचे कारण तुम्हाला सांगायलाच हवे, कारण त्या कारणात तुम्ही आहात. आई शेवटच्या आजारपणात सांगलीला आमच्याकडे होती. तिचा रक्तदाब फार वाढलेला होता आणि डॉक्टरांनी मीठ तोडले होते. सुधा तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक करायची, आई रुसायची, सुधा समजूत काढायची. अशाच एका दुपारी तुम्ही आलात. आई तुमच्यापाशी रडली. शेजारच्या दोन बायका बसलेल्या होत्या, त्यांच्यासमोर तुम्ही म्हणालात, "ज्या घरात म्हातारीच्या पानात मीठ वाढत नाहीत, त्या घरात तिला ठेवायची नाही." सुधा काही सांगू लागली तर तुम्ही हात वर केलात. पंचाने हात वर केला की बोलायचे नसते, हे आपल्या घरात सर्वांना ठाऊक होते.

मी तेव्हाही गप्प राहिलो. एवढेच नव्हे, आईची पिशवी मीच उचलून तुमच्या गाडीत ठेवली.

सुधा त्यानंतर साताऱ्याच्या घरी आली नाही. आई गेली तेव्हा आली, आणि पाणीसुद्धा न पिता परत फिरली. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. वर्षे गेली. तुम्ही तो विषय पुन्हा काढला नाहीत, मीही काढला नाही. आणि मग तुमच्या आजारपणात, माझ्या डोळ्यांसमोर, तुम्ही वहिनींना म्हणालात, मीठ वाढायचं राहिलं का. तेच मीठ होते, तीच चूक होती, आणि सोसणारी या वेळी तुमच्या घरातली होती. माझ्या आत कुठेतरी काहीतरी शांत झाले. आता कळू दे, असे मी मनात म्हणालो. कोणाला कळू दे? तुम्हाला तर काही कळणे शक्यच नव्हते. कळत होते ते वहिनींना, ज्यांनी त्या दुपारी सुधाविरुद्ध अवाक्षर काढले नव्हते, कारण त्या तेव्हा तिथे नव्हत्याच.

तरीही तुमच्याविषयी केवळ हाच एक राग मनात होता, असे लिहिले तर ते दुसरे खोटे होईल. वडील गेल्यावर मला तुम्हीच वाढवलेत. वाईला आंतरशालेय सामने होते, मी आपल्या शाळेकडून पळत होतो आणि तुम्ही पंच होतात. खो-खोचे मैदान मधल्या रेषेने दोघा पंचांत वाटलेले असते. मी तुमच्या अर्ध्यात होतो. माझा पाय मैदानाच्या रेषेबाहेर पडला, बोटभर, कोणाला दिसलेही नसते. तुम्ही शिट्टी वाजवून मला बाद दिलेत, आणि आपण हरलो. परतताना एसटीत मी तुमच्याशी बोललो नाही. पाचवडला गाडी थांबली तेव्हा तुम्ही खाली उतरून उसाच्या रसाचे दोन ग्लास आणलेत, माझा माझ्या हातात दिलात, आणि तुमचा पिऊन झाल्यावर म्हणालात, "पाय बाहेर होता, विनायक. मला दिसला. मग मी काय करू?" मी त्या क्षणी तुम्हाला क्षमा केली होती. तुमच्यासारखे पाहता यावे, असे मला कितीतरी वर्षे वाटत राहिले.

ताट मी प्रथम फिरवले ते खात्री करून घेण्यासाठी. डॉक्टर म्हणाल्या ते खरेच तसे आहे का, एवढेच पाहायचे होते. वहिनी आत होत्या. ताट वळले आणि तुमचा चेहरा उजळला. "अरे, कारळ्याची चटणी!" तुम्ही ती बोटाने चाटून खाल्लीत, कडकडून भूक लागलेल्या मुलासारखी. मी ताट परत वळवले. वहिनी भाकरी घेऊन आल्या, चटणी संपलेली पाहून उभ्याच राहिल्या. आणि तुम्ही म्हणालात, "बघ, हा आला की ताट कसं भरून येतं. एरवी माझ्या नशिबी फोडणीची भाजी आणि भात."

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. "बरं झालं बाई, तुमच्यामुळे चार घास गेले," एवढेच त्या म्हणाल्या.

मी तिथे सांगू शकलो असतो. एका वाक्याचे काम होते. मी भाकरीचा तुकडा मोडला.

त्यानंतर प्रत्येक रविवारी मी ताट फिरवले. तुम्ही जेवावे ही इच्छा खरी होती. ती मी नाकारत नाही. पण ताट परत का वळवत होतो, याला माझ्यापाशी चांगले उत्तर नाही. तुमचे ते वाक्य मला आवडू लागले होते. तुम्ही कधी कोणाची स्तुती करत नसायचात, आणि आता दर आठवड्याला माझी करत होतात.

मग आबांची ती सकाळ आली. मी मागच्या दाराने आत शिरलो. तुम्ही खाटेवर बसला होतात, मी तुमच्या डाव्या अंगाला, हात लावता येईल इतक्या जवळ उभा होतो. तुमच्यासाठी मी नव्हतोच. आबा समोर होते. त्यांनी मला पाहिले आणि बोलायला तोंड उघडले, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "आबा, पंचानं दिलेला निकाल फिरवता येत नाही. पण माझा एक निकाल चुकला."

"कुठल्या सामन्यातला म्हनायचा?"

"सामना नव्हे. सांगलीचा. सुधाचा. आईला इथं आणलं. इथल्या डॉक्टरनंही मीठ तोडलं. आम्हीही वाढलं नाही. तेव्हा कळलं मला. त्या पोरीला मी चार माणसांत बोललो."

"मग सांगायचं की तिला. फोन लावा. त्यात काय येवढं?"

"कोणत्या तोंडानं? आणि विनायकला काय सांगू? त्यानं आईची पिशवी उचलून गाडीत ठेवली. एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता तर मी थांबलो असतो."

आबांनी डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितले. त्यांना वाटले, हे माझ्या कानावर पडते आहे ते भल्याचेच आहे. मी आल्या पावली बाहेर पडलो. थोड्या वेळाने ते फाटकापाशी आले. "ऐकलंसा न्हवं? आता काढा मनातनं. लय वरसं झाली."

माझ्या मनात काढण्यासारखे काही उरलेच नव्हते. ज्या अन्यायाच्या आधारावर मी वहिनींना सोसू देत होतो, तो तुम्ही केव्हाच मान्य केला होता. आणि त्यातला माझा वाटाही तुम्ही बरोबर मोजून दाखवला होता. आता सांगायला काहीच अडसर नव्हता. तरीही मी सांगितले नाही, कारण आता मला भीती वाटू लागली होती. इतके दिवस का नाही सांगितले, असे वहिनी विचारतील. त्या प्रश्नाला भिऊन मी तो प्रश्न आणखी मोठा करत गेलो. पुढच्या रविवारी सांगू, असे ठरवत गेलो, आणि एका बुधवारी फोन आला.

एक मोह मला सारखा होतो, तो इथेच मोडून टाकतो. तुमच्याप्रमाणे मलाही एक बाजू दिसत नव्हती, असे लिहावे असा तो मोह आहे. तसे लिहिणे सुंदर दिसेल आणि ते अप्रामाणिक ठरेल. तुमच्या मेंदूला जखम होती, दादा. माझा मेंदू धडधाकट होता. मला सगळे दिसत होते: मोरीशी बसलेल्या वहिनी, परत आलेली कोशिंबीर, तुमची अर्धी दाढी.

दिवसकार्य आटोपले. पाहुणे पांगले. सुधा या वेळी आली आणि राहिली. आल्याबरोबर पदर खोचून स्वयंपाकघरात शिरली, तिला कोणी काही विचारले नाही. काल दुपारी वहिनींनी मला जेवायला बसवले. आत सुधा भाकऱ्या थापत होती, बाहेर ओसरीवर आबा होते. वहिनींनी मीठ वाढले, लिंबू वाढले, आणि चटणीचा चमचा हातात धरून त्या म्हणाल्या, "शेवटी शेवटी त्यांना माझ्या हातचं नकोच झालं होतं, भाऊजी. तुम्ही असलात तर जेवायचे. मी रात्रंदिवस आठवून बघते. काय चुकलं असेल हो माझं?"

मी मान खाली घालून काहीतरी म्हणालो.

"वर बघून बोला."

मग मी सांगितले. डॉक्टरांची खोली, मैदान, जिना, फाटकाशी दिलेले उत्तर, फिरवलेले ताट. त्या मध्ये एकदाच बोलल्या: "म्हणजे त्यांना ती चटणी दिसतच नव्हती?"

"नव्हती. दिसली की ते बोटानं चाटून खायचे."

त्यांनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "का केलंत असं?"

मी मिठाचे सांगितले. आईचे, सांगलीचे, सुधाचे. तुम्ही आबांजवळ जे कबूल केले होते तेही सांगितले, कारण ते सुधाच्या हक्काचे होते. ती दारात येऊन उभी राहिली होती, हातांना पीठ होते.

"मी सांगितलं होतं तुम्हाला, माझ्यासाठी कोणाला छळा म्हणून?" ती म्हणाली. "बोलायचं होतं तेव्हा बोलला नाहीत. आणि गप्प बसायचं नव्हतं तेव्हा गप्प बसलात."

वहिनींनी तिला हाताने थांबवले. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता. "पुन्हा सांगा, भाऊजी. असं पुटपुटून नको. मोठ्यांदा सांगा. आबांना ऐकू जाऊ द्या. ते बाहेर अजून लोकांना सांगतात, मास्तर शेवटी तऱ्हेवाईक झाले होते म्हणून."

मी ताटावरून उठून उभा राहिलो. माझा आवाज किती बारीक असतो हे तुम्हाला माहीत आहे. तरी तो ओसरीपर्यंत गेला, कारण आबांची खाट करकरली आणि ते दारापाशी आले. मी म्हणालो:

"दादा तऱ्हेवाईक झाले नव्हते. वहिनींनी वाढलेल्याला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. ते त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी ते मुद्दाम लपवलं. वहिनी, मी तुमचा अपराधी आहे. सुधा, तुझा त्याच्याही आधीपासून आहे. आणि दादा, तुमचाही. मला क्षमा करा."